मोतीबिंदू काढला, लख्ख दिसायला लागलं, आणि आता पुन्हा पुसट. थांबू की जाऊ?

कातरवेळ
सोमवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचक. आज विचारायला आलोय.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आज पाच आठवडे झाले. शस्त्रक्रियेबद्दल तक्रार नाही. भूल म्हणून नुसते थेंब घातले, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सगळ्यात आधी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. त्या घड्याळाला सेकंदकाटा आहे हेच मी विसरून गेलो होतो.

पहिले तीन-साडेतीन आठवडे मजेत गेले. आयुष्य मुद्रितशोधनात गेलंय, त्यामुळे अक्षर दिसणं म्हणजे माझ्यासाठी काय ते समजून घ्या. वाचायचा तात्पुरता चष्मा लावून आठ-दहा पानं सलग वाचत होतो, अनुस्वार नीट दिसत होते. मग गेल्या आठवड्यात काहीतरी बिनसलं. ज्या शब्दाकडे बघतो तोच फिका दिसतो, कुणी खोडरबर हलक्या हाताने फिरवल्यासारखा. त्याच्या आजूबाजूचे शब्द बरे दिसतात.

फोन केला तर पलीकडून सांगितलं, "डोळा स्थिरावतोय, पुढच्या तारखेला नंबर काढू, मग सगळं नीट होईल." पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. दुखत नाही, लाल नाही, पाणी येत नाही. वय ६६. तारखेपर्यंत थांबू, की उद्याच जाऊन बसू? अनुभवी लोकांनी सांगावं.


रानजाई
सोमवार, सकाळी ९.४२

आईचे दोन्ही डोळे झालेत, म्हणून लिहिते. तिलाही महिन्याभराने धूसर दिसायला लागलं होतं. सकाळी छान, आणि संध्याकाळी वाचायला बसली की पंधरा मिनिटांत अक्षरं एकमेकांत मिसळायची. दोन-तीनदा जोरात पापण्या मिटल्या की क्षणभर स्वच्छ, मग परत तेच. निघाला कोरडेपणा. छेद घेताना बुबुळावरच्या बारीक नसा दुखावतात, त्यात दिवसाला इतक्या वेळा औषधाचे थेंब, आणि वाचताना आपण पापण्या कमी मिटतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले, दोन महिन्यांत बरी झाली.

तुमचंही तेच असू शकेल काका. पापण्या मिटून बघा, फरक पडतो का.


उंबरठा
सोमवार, सकाळी १०.०५

सगळ्यांना होतं हो. डोळा म्हणजे काय यंत्र आहे का, आज बसवलं आणि उद्या चालू? नेटवर विचारत बसलात तर घाबरवणारेच जास्त भेटतील. आमच्या ओळखीत एकांनी घरगुती अर्काचे थेंब घातले, आठ दिवसांत खडखडीत.


तळटीप
सोमवार, दुपारी १.२०

उंबरठा, पहिलं वाक्य समजू शकते, शेवटचं नाही. पाच आठवड्यांपूर्वी उघडलेल्या डोळ्यात निर्जंतुक नसलेलं काहीही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही. आठ दिवसांत जे खडखडीत झाले ते काही न घालताही झाले असते.

कातरवेळ, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, चौदा वर्षं याच खुर्चीशेजारी उभी आहे. मी डॉक्टर नाही आणि तुमचा डोळा माझ्यासमोर नाही, हे आधीच सांगते. पण "धूसर" या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी दडतात, आणि फोनवर धूसर म्हटलं की समोरचा त्यातली सगळ्यात साधी धरून चालतो. म्हणून जरा खोदून विचारते.

डावा डोळा झाकून फक्त उजव्याने बघा. पुसट सकाळी जास्त असतं की संध्याकाळी, की दिवसभर सारखंच? लांबचंही फिकं दिसतं की फक्त वाचताना? दाराची चौकट, खिडकीचे गज, वहीच्या रेघा सरळ दिसतात का? रंग कसे आहेत? आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या दिवसापासून असं होतं, की आधी चांगलं होतं आणि मग बिघडलं? या शेवटच्याचं उत्तर तुम्ही दिलंच आहे, आणि मला ते तितकंसं आवडलेलं नाही.

एक घरच्या घरी करता येण्यासारखी गोष्ट. जाड काळ्या कागदाला टाचणीने एक बारीक भोक पाडा. एक मिलिमीटर, त्याहून मोठं नको. डावा डोळा झाका, वाचायचा चष्मा काढा आणि भोकातून लांबचं काहीतरी वाचा, कॅलेंडरचे आकडे वगैरे. भोकातून जास्त स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा नंबरचा, कारण बारीक भोक फक्त मधले सरळ किरण आत सोडतं आणि चष्म्याची उणीव झाकतं. काहीच फरक पडला नाही, किंवा आणखी वाईट दिसलं, तर चष्म्याने भागणार नाही.


बिनचष्मा
सोमवार, दुपारी ३.३०

भोकाचा प्रयोग आत्ता उगाचच करून पाहिला, भारी आहे.

माझा अनुभव वेगळाच. मी हौसेने मल्टिफोकल लेन्स बसवून घेतली, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही बिनचष्म्याचं. (नाव तेव्हापासूनचं.) चष्मा सुटला हे खरं, पण पहिले तीन-चार महिने रात्री प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याचं जाळं. समोरून येणारी गाडी म्हणजे दोन वर्तुळं चालत येतायत. शिवाय मंद उजेडात करड्यावर काळं लिहिलेलं दिसायचं नाही. ती लेन्स आलेला उजेड दोन-तीन अंतरांमध्ये वाटून टाकते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडा कमी येतो. हे आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. पुढे मेंदूने ती वर्तुळं बघायचं सोडून दिलं. आजही आहेत, शोधली तर सापडतात.

तुमची कुठली लेन्स आहे?


कातरवेळ
सोमवार, रात्री ८.१५

साधी मोनोफोकल, लांबचं दिसण्यासाठी बसवलेली. जवळच्याला चष्मा लागणारच, ते मान्य होतं.

तळटीप, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पुसट दिवसभर सारखंच. पापण्या मिटून फरक नाही. लांबचंही थोडं उतरलंय. रंग जरा धुतल्यासारखे.

भोकातून पाहिलं. कॅलेंडरचा आकडा उलट आणखी फिका झाला.

आणि चौकट. हे तुम्ही विचारलं नसतं तर माझ्या लक्षात आलं नसतं. स्वयंपाकघराच्या दाराची उभी कड डाव्या डोळ्याने सरळ आहे. उजव्याने, बरोबर जिथे नजर लावतो तिथे, ती किंचित बाहेर फुगते. नजर खाली नेली की फुगवटाही खाली सरकतो. बायकोला बोलावून विचारलं, लाकूड फुगलंय का. ती म्हणाली, लाकडाला काही झालेलं नाही.


तळटीप
सोमवार, रात्री ८.३१

उद्या सकाळी जा. रात्रीतून धावत सुटण्याइतकी घाई नाही, पण तीन आठवडे थांबायचं नाही. फोन करताना "धूसर" म्हणू नका. असं सांगा: "पाचवा आठवडा आहे, आधी चांगलं दिसत होतं, आता मधोमध कमी झालंय आणि सरळ रेघ वाकडी दिसतेय." या वाक्याला कुणी तीन आठवड्यांनंतरची तारीख देणार नाही.

कारण सांगते. शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) सुजतो तेव्हा पहिल्या दिवसापासूनच धुकं असतं आणि ते हळूहळू विरतं. सकाळी उठल्यावर जास्त, कारण रात्रभर पापण्या मिटलेल्या, ओल उडून जात नाही. दुपारपर्यंत निवळतं. कोरडेपणा दिवसातून दहा वेळा बदलतो. नंबर राहिला असेल तर भोकातून सुधारतं. तुमचं यातल्या एकातही बसत नाही. आधी चांगलं, मग चार ते सहा आठवड्यांच्या सुमाराला मध्यभागी उतरलेलं, रेघ वाकडी: हे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मधल्या भागाला, मॅक्युलाला, सूज आल्याचं वर्णन आहे. शस्त्रक्रियेने डोळ्यात जो दाह होतो त्याने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि पडद्याच्या थरांत पाणी साठतं. ओसीटी नावाची तपासणी करतील. हनुवटी टेकवायची, एका ठिपक्याकडे बघायचं, स्पर्श नाही, काही मिनिटांचं काम. बहुतेकांची ही सूज नुसत्या थेंबांनी उतरते.

मधुमेह आहे का? आणि थेंब सांगितल्याप्रमाणे चालू आहेत ना?


भिंगरी
सोमवार, रात्री ९.५०

मधेच घुसते, पण धागा पुढे कुणीतरी शोधून वाचेल म्हणून.

वरचं सगळं "उद्या जा" प्रकारचं आहे. दोन गोष्टी "आत्ता जा" प्रकारच्या असतात. एक, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत डोळा ठणकायला लागला, लाली वाढली आणि दिसणं झपाट्याने उतरलं, तर तो आतला जंतुसंसर्ग असू शकतो. क्वचित होतो, पण तिथे तास मोजतात, दिवस नाही.

दुसरी माझ्यावर गुदरलेली. लहानपणापासून मोठा मायनस नंबर. शस्त्रक्रियेला सात महिने झाले होते, सगळं उत्तम. एका दुपारी डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं, आभाळ मात्र निरभ्र. संध्याकाळी काळे ठिपके, एक-दोन नाही, मिरीपूड उधळावी तसे. मी झोपले! सकाळी नाकाच्या बाजूने करडी सावली वर चढलेली. पडदा सुटत होता. मधला भाग अजून धरून होता म्हणून डोळा वाचला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "वीज कधी चमकली?" मी "काल दुपारी" म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, ते न बोलणं अजून आठवतं.

मोठा मायनस नंबर असणाऱ्यांनी, मोतीबिंदू काढून वर्ष झालं असलं तरी, ही तीन लक्षणं पाठ करून ठेवा: चमक, ठिपक्यांचा पाऊस, कडेने येणारी सावली.


उंबरठा
सोमवार, रात्री १०.१०

भिंगरी, वाचून काटा आला. सकाळचा माझा प्रतिसाद मागे घेतो.

एक खरंच विचारायचंय. माझ्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. घरातले म्हणतात पूर्ण पिकू दे, मग काढ. बरोबर?


तळटीप
सोमवार, रात्री १०.४०

पिकण्याची वाट बघायची पद्धत जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली, तेव्हा अख्खं भिंग मोठ्या छेदातून बाहेर काढायचे. आता फेको नावाच्या शस्त्रक्रियेत दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग आतच फोडून ओढून घेतात. (चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरने १९६७ मध्ये हे सुरू केलं. दंतवैद्याकडे दात साफ करायच्या यंत्रावरून सुचलं म्हणे त्याला.) पिकलेलं भिंग कडक होतं, फोडायला जास्त ऊर्जा लागते, आणि तिचा मार कॉर्नियाच्या आतल्या पेशींना बसतो. त्या पेशी नव्याने तयार होत नाहीत. म्हणजे जितकं पिकवाल तितकं नंतरचं धुकं लांबतं. दिसण्यामुळे रोजची कामं अडायला लागली की वेळ झाली, इतकंच. त्याआधीही घाई नाही.


निळाई
मंगळवार, सकाळी ७.०५

कातरवेळ, तुम्ही आज जाणार असाल, तिथलं काय ते कळवा. तोवर माझं थोडं, अर्धं अवांतर.

माझी शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वीची. मधे पहिला डोळा झालेला आणि दुसरा राहिलेला असे दोन महिने होते. एकदा पांढरी चादर वाळत घातली आणि गंमत म्हणून एकेक डोळा मिटून पाहिला. जुन्या डोळ्याने चादर चहाच्या डागासारखी पिवळट. नव्याने निळसर पांढरी, जवळजवळ बोचणारी. म्हणजे इतकी वर्षं मी सगळं त्या चहातून बघत होते. पिकत जाणारं भिंग निळा उजेड अडवतं, ते काढलं की निळा एकदम अंगावर येतो. काही आठवड्यांत मेंदू सरावतो, मग चादर नुसती पांढरी राहते. मला जरा वाईटच वाटलं.

क्लोद मोने या चित्रकाराचंही असंच झालं होतं. मोतीबिंदू १९१२ मध्ये कळला, त्याने भीतीपोटी वर्षानुवर्षं टाळला, त्या काळातली त्याची चित्रं लाल-तपकिरी होत गेली. १९२३ मध्ये उजवा डोळा करून घेतला आणि मग सगळं फार निळं दिसतं म्हणून वैतागला. तेव्हा आत बसवायची लेन्सच नव्हती, भिंग काढायचं आणि जाडजूड चष्मा लावायचा. पहिली लेन्स हॅरॉल्ड रिडली या डोळ्यांच्या डॉक्टरने लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात बसवली ती २९ नोव्हेंबर १९४९ ला. युद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छताचे प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत राहिले होते आणि डोळ्यांनी ते निमूट सहन केले होते, हे त्याने हेरलं होतं. आपल्या डोळ्यातल्या लेन्सचा वंश तिथला.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांनी माझंही दिसणं धूसर झालं, अगदी हळू, वाफ धरलेल्या आरशासारखं. मी घाबरले, मोतीबिंदू परत आला! परत येत नसतो. लेन्स ज्या मूळ पिशवीत बसवतात तिच्या मागच्या पापुद्र्यावर उरलेल्या पेशी वाढून तो गढूळ होतो. याग लेझरने त्याला मधोमध खिडकी पाडतात. टाका नाही, छेद नाही, टिकटिक असा आवाज आला आणि पाच मिनिटांत संपलं. चार दिवस बारीक ठिपके तरंगत होते. आरसा पुसला गेला. तुमचं पाचव्या आठवड्यातलं हे नसावं असं वाटतं, पण लांबून वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.


कातरवेळ
मंगळवार, दुपारी ४.४५

जाऊन आलो. तळटीप यांचं वाक्य कागदावर लिहून नेलं आणि वाचून दाखवलं. खिडकीतल्या मुलीने वर बघितलं आणि म्हणाली, बसा, आजच दाखवू.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले, म्हणून आत्ता हे मुलाकडून टंकून घेतोय. तक्त्यावर ६/१८ (खालचा आकडा जितका लहान तितकं दिसणं चांगलं). दोन आठवड्यांनंतरच्या भेटीत ६/९ होतं. ओसीटीचं चित्र त्यांनी वळवून दाखवलं. निरोगी डोळ्यात मधोमध खळगा असतो, वाटीसारखा. माझ्यात खळग्याच्या जागी टेकडी, आणि टेकडीच्या पोटात काळे काळे बुडबुडे. जाडी ४३० मायक्रॉन, साधारण अडीचशे-पावणेतीनशे असायला हवी म्हणाले. चौकट का फुगते ते चित्र बघितल्यावर लगेच कळलं. फुगली होती ती माझी बाजू.

आता कबुली. तळटीप, काल तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांना मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. साखर आहे, बारा वर्षं. आणि थेंब तिसऱ्या आठवड्यात मीच बंद केले होते. इतकं छान दिसत होतं की औषध कशाला, असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, थेंब चालू असते तरी सूज आलीच नसती असं सांगता येणार नाही, साखरेमुळे शक्यता तशीही जास्त. पण त्यांनी बाटलीवर बोट ठेवून विचारलं, "ही कुणाच्या सांगण्यावरून थांबवली?" तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.

दोन प्रकारचे थेंब पुन्हा सुरू, एक स्टिरॉइडचा, एक दाह कमी करणारा. स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो म्हणून दोन आठवड्यांनी दाब तपासायचा. महिन्याने पुन्हा ओसीटी. चष्म्याचा नंबर तोवर काढायचाच नाही, सुजलेल्या पडद्यावर काढलेला नंबर खोटा असतो म्हणे.


रानजाई
मंगळवार, सायंकाळी ६.००

बरं झालं गेलात. मी कोरडेपणा म्हणून मोकळी झाले होते, माफ करा.

थेंबांचं एक. आईचे अर्धे थेंब गालावर जायचे. शेवटी असं जमलं: आडवं पडायचं, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक कशालाही न टेकवता एक थेंब. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरी बाटली पाच मिनिटांनी. एक थेंबच डोळ्यात मावतो त्यापेक्षा मोठा असतो, लगेच दुसरा घातला की पहिला वाहून जातो. कुठली बाटली कधी, हे फ्रिजवर चिकटवा. आणि खाडाखोड करायची नाही, मुद्रितशोधक असलात तरी.


बिनचष्मा
मंगळवार, रात्री ९.२०

शेवटच्या ओळीला सलाम.

काका, डावा डोळा अजून जुन्या चष्म्याचा असेल ना? मला त्या मधल्या काळात जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसायच्या. दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक असला तर मेंदूला दोन्ही चित्रं एकावर एक बसवता येत नाहीत.


कातरवेळ
मंगळवार, रात्री ९.५५

हो, डाव्याला मायनस साडेतीन. जुन्या चष्म्याची उजवी काच काढून टाकलीय, तरी डोकं गरगरतंच. जिन्यावर कठडा धरतो. डावा डोळा कधी करायचा हे उजव्याची सूज उतरल्यावर ठरवू म्हणाले. त्या वेळी साखर आधी आटोक्यात, आणि थेंब शस्त्रक्रियेच्या आधीपासून.


कातरवेळ
नऊ आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ८.३०

धागा वर काढतोय, कारण दोघांनी निरोपात विचारलं की पुढे काय झालं.

पहिले दोन आठवडे काहीच फरक नव्हता. रोज सकाळी एक डोळा झाकून स्वयंपाकघराच्या दारासमोर उभा राहायचो. बायकोने त्याला दाराची पूजा असं नाव ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात फुगवटा कमी वाटला, पण मनाचे खेळ असतील म्हणून कुणाला बोललो नाही. महिन्यानंतरच्या ओसीटीत ३४०. काल २७५, खळगा परत आलाय, पहिल्याइतका खोल नाही. तक्त्यावर ६/९, शेवटच्या ओळीतली दोन अक्षरं चुकली. स्टिरॉइडचा थेंब हळूहळू कमी करून बंद केलाय, त्यांनी सांगितल्यावर. दाब नीट राहिला. रंग अजून डाव्यापेक्षा उजळ, पण अगदी सुरुवातीला होते तितके लख्ख नाहीत. ते तसेच राहतील किंवा सावकाश सुधारतील, दोन्ही शक्य आहे म्हणाले.

नंबर काल काढला, चष्मा चार दिवसांनी मिळेल. तोवर तात्पुरत्या चष्म्यावर हा सगळा धागा पुन्हा वाचून काढला. सोमवारच्या माझ्या पहिल्याच प्रतिसादात दोन ठिकाणी अनुस्वार सुटले होते, तेव्हा दिसले नव्हते. संपादन करून टाकले आहेत.